अली आणि टायसनच्या मधला माणूस: झाकोळले गेलेले हेवीवेट चॅम्पियन

डावरा_दत्तू:
आपल्याकडे कुणालाही बॉक्सिंगमधल्या हेवीवेट चॅम्पियनची नावं विचारा. अली, टायसन. फार झालं तर होलीफिल्ड, तोही टायसननं चावलेल्या कानामुळे. पण अलीचा जमाना संपल्यावर आणि टायसनचा सुरू होण्याआधी गादीवर कोण होतं, असं विचारलं की समोरचा मोबाइल काढतो.

लॅरी होम्स होता. जून १९७८ मध्ये केन नॉर्टनला हरवून त्यानं डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, घेतलं आणि सप्टेंबर १९८५ पर्यंत तो चॅम्पियन राहिला. सलग २० वेळा विजेतेपद राखलं. त्याच्या आधी यापेक्षा जास्त वेळा राखणारा एकच, जो लुई (२५). पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा, सातवीत शाळा सोडून गाड्या धुणारा पोरगा. उमेदवारीत अली आणि जो फ्रेझर या दोन्ही चॅम्पियनांच्या सरावाला उभा राहिला, मार खाल्ला, आणि तिथेच शिकला.

त्याचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, एकदा नीट बघा. हात कमरेपाशी सैल सोडलेला असतो, तिथूनच मूठ निघते. खांदा आधी हलत नाही, त्यामुळे समोरच्याला ठोसा निघाल्याचा पत्ताच लागत नाही. मूठ गेली त्याच रेषेत परत येते आणि लगेच दुसरा. तिसरा पडेपर्यंत उजवा हात तयार. सात वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं काय येणार आहे, तरी कुणाला थांबवता आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की होम्स खेळात कमी नव्हता, तो अलीच्या पाठोपाठ आला हे त्याचं नशीब. त्यात २ ऑक्टोबर १९८० ला लास वेगासमध्ये ३८ वर्षांच्या, पार थकलेल्या अलीला त्याला दहा फेऱ्या झोडपावं लागलं. शेवटी अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं सामना थांबवला. नंतर होम्स रडला. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की यानं अलीला मारलं.

असे आणखी कोण? अली-टायसन सोडून बोला.

खारे_शेंगदाणे:
आधी वाटलं शेरलॉकबद्दल आहे. असो, आलेच आहे तर बसते. वाचतेय.

पंचगंगाकाठ:
आमच्या पेठेत टायसन नावाची तीन कुत्री हायत. होम्स नावाचं एक बी न्हाई. ह्याच्यापरीस मोठा पुरावा कशाला पायजे?

तर्कटराव:
दत्तू, कमी लेखतात म्हणजे कोण लेखतं? पानवाल्याला नाव माहीत नाही म्हणजे कमी लेखलं असं होत नाही. मुष्टियुद्ध गंभीरपणे पाहणाऱ्यांच्या याद्या काढा, होम्स पहिल्या दहात असतोच. कित्येकांच्या पहिल्या पाचात. विस्मृतीत जाणं वेगळं आणि कमी लेखलं जाणं वेगळं.

उलट मला तर वाटतं त्या २० च्या आकड्याला कुणी हात लावत नाही. यादी उघडून बघा. १९८३ मध्ये जो फ्रेझरच्या मुलाशी, मार्व्हिसशी लढला तेव्हा त्या पोराच्या गाठीला जेमतेम दहा सामने होते, पहिल्याच फेरीत खेळ खलास. त्याच सुमारास डब्ल्यूबीसीनं ग्रेग पेजशी लढायला सांगितलं तर साहेबांनी पट्टाच सोडला आणि नुकत्या निघालेल्या आयबीएफ या संघटनेचा घेतला. दुसरा, म्हणजे डब्ल्यूबीए या आणखी एका संघटनेचा पट्टा या काळात टेट, वीव्हर, डोक्स, कोएत्झी असा हातोहात फिरत होता. तो होम्सनं एकदाही आपल्याकडे आणला नाही. नॉर्टनशी आणि विदरस्पूनशी निसटता जिंकला, पण दोघांपैकी एकालाही परत संधी दिली नाही. चॅम्पियन मोठा होता, पण हिशेबीही होता.

डावरा_दत्तू:
तर्कटराव, वीव्हर चॅम्पियन व्हायच्या आधीच, १९७९ मध्ये, होम्सनं त्याला बाराव्या फेरीत थांबवलं होतं. कोएत्झीशी सामना ठरत आला होता, पैशाचं गणित फिसकटलं. विदरस्पूनचं मान्य. त्या रात्री नवव्या फेरीत होम्स गेल्यातच जमा होता.

पण नॉर्टनचा सामना 'निसटता' म्हणून सोडून देऊ नका. सामन्याच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता, म्हणजे ज्या हातावर त्याचं पोट तोच हात. चौदा फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत आणि पंधरावी फेरी दोघांनी अशी खेळली की आजही बघताना खुर्चीच्या टोकावर यायला होतं. तिन्ही पंचांनी १४३-१४२ असेच गुण दिले. दोघांनी होम्सला, एकानं नॉर्टनला.

विदर्भाचं_ऊन:
नॉर्टनची गंमत सांगतो भौ. तो चॅम्पियन झाला, पण विजेतेपदाची एकही लढत त्यानं जिंकली नाही. अलीला हरवून चॅम्पियन झालेल्या लिऑन स्पिंक्सनं त्याच्याशी लढायचं सोडून अलीशी परत लढायचं ठरवलं, तर डब्ल्यूबीसीनं पट्टा काढून नॉर्टनच्या हातात दिला. जुन्या जिमी यंगवरच्या विजयाच्या जोरावर. विजेतेपदासाठी तो तीनदा लढला: फोरमन, अली, होम्स. तिन्ही हरला. त्यातली अलीसोबतची १९७६ ची लढत तोच जिंकला असं म्हणणारे आजही ढिगानं सापडतात. कमी लेखलेला म्हणाल तर हाच नं मंग.

मुक्काम_एडिसन:
होम्सला निदान त्याच्या गावानं विसरलेलं नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो. ईस्टनला क्रेयोला या रंगीत खडूंच्या कंपनीचं म्युझियम आहे, इथल्या लहान मुलांच्या आईबापांना तिथली वारी चुकत नाही. पोरं रंगात बरबटून झाली की नदीकाठी घेऊन जायचं. डेलावेअरच्या काठाने जो रस्ता जातो त्याचं नाव लॅरी होम्स ड्राइव्ह, आणि तिथल्या बागेत त्याचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. मी फोटो काढत होतो तर आमच्यासोबत आलेले दुसरे एक मराठी गृहस्थ म्हणाले, "हे कोण, इथले आमदार का?"

खारे_शेंगदाणे:
ठ्ठो!

सुमेधा_के:
तर्कटरावांची कसोटी लावली, म्हणजे जाणकारांनीही अन्याय केलेला, तर माझं उत्तर एझर्ड चार्ल्स.

जून १९४९ मध्ये शिकागोत जर्सी जो वॉलकॉटला हरवून तो चॅम्पियन झाला. पण जो लुई नुकताच निवृत्त झाला होता आणि लोकांच्या लेखी चॅम्पियन म्हणजे लुईच. पुढच्या वर्षी कर भरायला पैसे हवेत म्हणून लुई परतला. २७ सप्टेंबर १९५० ला यांकी स्टेडियममध्ये दोघे समोरासमोर आले. लुई २१८ पौंड, चार्ल्स १८५ च्या आतबाहेर. चार्ल्सनं पंधरा फेऱ्यांत त्याला सरळ हरवलं. लुई हा चार्ल्सचा लहानपणापासूनचा आदर्श. तो जिंकला आणि लोक हळहळले, पण लुईसाठी. दत्तूंनी होम्स-अलीबद्दल जे लिहिलंय तेच तीस वर्षं आधी घडून गेलं होतं.

मला त्याच्याबद्दल जास्त वाटतं ते दुसऱ्या कारणासाठी. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्याच्याशी लढताना सॅम बरूडी नावाचा तरुण खेळाडू कोसळला आणि त्यातच गेला. चार्ल्स खेळच सोडायला निघाला होता. सोडला नाही, पण नंतर समोरचा डळमळला की त्याचे हात आखडायचे, असं त्याला पाहिलेले लोक सांगत. प्रेक्षकांना हवी होती नॉकआउट आणि हा गुणांवर जिंकायचा. कंटाळवाणा चॅम्पियन म्हणून शिक्का बसला.

आणि मग १९५४. रॉकी मार्सियानो ४९ सामन्यांत कधीच हरला नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्यासमोर पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहिलेला एकमेव माणूस चार्ल्स, हे किती जणांना ठाऊक असतं? तीनच महिन्यांनी पुन्हा लढले. चार्ल्सनं त्याची नाकपुडी अशी फाडली की रक्त थांबेना, आणि पंच सामना थांबवणार या भीतीनं मार्सियानोच्या कोपऱ्यातल्यांची पाचावर धारण बसली. मार्सियानोनं आठव्या फेरीत घाईघाईनं त्याला संपवलं. पुढे चार्ल्सला एएलएस झाला. स्नायू एकेक करून निकामी करणारा हा आजार, आणि तो १९७५ मध्ये गेला. वय ५३.

तर्कटराव:
सुमेधाताई, प्रतिसाद आवडला, पण एक टाचणी लावतो. चार्ल्सचं खरं वजन लाइट हेवीवेटचं, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या गटाचं. तिथे त्यानं आर्ची मूरसारख्या माणसाला तीनदा हरवलं आणि तरी त्या वजनाच्या विजेतेपदाची संधी त्याला एकदाही मिळाली नाही. त्यामुळे लाइट हेवीवेट म्हणून जाणकार त्याला डोक्यावर घेतात, काही जण तर त्या वजनात सर्वकाळात पहिला क्रमांक देतात. हेवीवेट म्हणून तो चांगला होता, महान नव्हे. वॉलकॉटशी चार वेळा लढला, हिशेब दोन-दोन.

सुमेधा_के:
त्या चारपैकी शेवटची लढत चार्ल्सचीच होती, असं म्हणणारे बरेच आहेत, तर्कटराव. आणि तीस-पस्तीस पौंड जास्तीच्या माणसांना अंगावर घेऊन जो चॅम्पियन राहतो, त्याला 'हे तुझं वजन नव्हे' म्हणून गुण कापायचे? मी तर वाढवून देईन.

विदर्भाचं_ऊन:
वॉलकॉटचा विषय निघालाच आहे तर बुढ्याले विसरू नका. खरं नाव अर्नोल्ड क्रीम. घरात खाणारी तोंडं सहा पोरांची, मधली कित्येक वर्षं बॉक्सिंग सोडून मिळेल ती मजुरी. डिसेंबर १९४७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्यानं जो लुईला दोनदा जमिनीवर पाडलं. रिंगमधल्या पंचानं सामना वॉलकॉटला दिला, बाहेरच्या दोघांनी लुईला. निकाल यायच्या आधीच लुई शरमून रिंगबाहेर निघाला होता म्हणतात. मंग सांगा, कोन जिंकलं?

विजेतेपदासाठी चार वेळा हरला आणि पाचव्या खेपेला, जुलै १९५१ मध्ये पिट्सबर्गला, चार्ल्सले सातव्या फेरीत असा डावा हूक हाणला की तो तोंडावरच आपटला. वय ३७. त्याच्याहून म्हातारा हेवीवेट चॅम्पियन व्हायला १९९४ उजाडावं लागलं, फोरमनच्या रूपानं. मार्सियानोसोबतही बारा फेऱ्या हा बुढाच गुणांवर पुढे होता. तेराव्यात एक उजवा बसला अन् दोरावर लटकला.

खारे_शेंगदाणे:
हा तोच वॉलकॉट ना, जो अली-लिस्टनच्या दुसऱ्या सामन्यात पंच होता आणि आकडे मोजायचेच विसरला?

विदर्भाचं_ऊन:
तोच. १९६५, मेन राज्यातलं लुइस्टन. लिस्टन खाली पडलेला, अली कोपऱ्यात जायला तयार नाही, वॉलकॉट अलीच्या मागं धावतोय. रिंगबाहेरून कुणीतरी ओरडून सांगितलं की दहा सेकंद कधीच होऊन गेली. पुढं वॉलकॉट त्याच्या जिल्ह्याचा शेरीफ झाला. मोजदाद फारशी नसेल त्या कामात.

पंचगंगाकाठ:
कुस्तीवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला आपले खाशाबा जाधव आठवणार, कराडजवळच्या गोळेश्वरचे, कांस्यपदक. त्याच ऑलिंपिकात दोन होणारे हेवीवेट चॅम्पियन मुष्टियुद्ध खेळत होते. एक फ्लॉइड पॅटरसन, तेव्हा मिडलवेटात, १७ वर्षांचा, सुवर्ण. दुसरा स्वीडनचा इंगेमार योहान्सन, हेवीवेटच्या अंतिम सामन्यात लढतच न्हाई म्हणून बाद केला. रौप्यपदक बी दिलं न्हाई, ते मिळालं १९८२ मध्ये.

पळपुटा म्हणून शिक्का बसलेल्या त्याच योहान्सननं १९५९ मध्ये पॅटरसनला एकाच फेरीत सात वेळा पाडून चॅम्पियनशिप घेतली. अन् पॅटरसननं वर्षभरात ती परत मिळवली. गेलेलं हेवीवेट विजेतेपद परत आणणारा जगातला पहिला माणूस. त्याच्या आधी बऱ्याच जणांनी करून बघितलं, एकाला बी जमलं न्हाई.

पॅटरसनला आजही 'काचेच्या हनुवटीचा' म्हणत्यात. पडायचा, खरं हाय. पण सात वेळा पडला म्हणजे सहा वेळा उठला बी की राव!

तर्कटराव:
आणि लिस्टनकडून १९६२ मध्ये पहिल्याच फेरीत हरल्यावर खोटी दाढी लावून शिकागोतून निघून गेला, तेही सांगा.

पंचगंगाकाठ:
सांगितलं असतं. पण हरल्याची लाज वाटणारा खेळाडू आता बघायला तरी मिळतो का?

ओसरीवरून:
इतका वेळ वाचत होतो. माझं मत जर्मनीच्या माक्स श्मेलिंगला. १९३० मध्ये जॅक शार्कीनं नियमबाह्य, कमरेखाली ठोसा मारल्यामुळे तो जमिनीवर पडल्यापडल्या चॅम्पियन झाला, म्हणून लोक हसतात. १९३२ मध्ये शार्कीनेच पंचांच्या मेहेरबानीनं ते परत घेतलं. आणि १९३८ मध्ये लुईनं त्याला दोन मिनिटं चार सेकंदांत संपवलं, ती चित्रफीत इतक्यांदा दाखवतात की माणूस म्हणजे तेवढीच दोन मिनिटं असं होऊन बसलंय.

पण १९३६ ची लढत बघा. लुई तेव्हा अजिंक्य होता. श्मेलिंगनं त्याच्या सामन्यांच्या फिती लावून पुन्हापुन्हा पाहिल्या आणि एक गोष्ट हेरली: जॅब मारून झाला की लुईचा डावा हात सरळ मागे न येता खाली झुकतो. क्षणभर जबड्याची डावी बाजू उघडी. पत्रकारांना तो एवढंच सांगत राहिला की मला काहीतरी दिसलंय. चौथ्या फेरीत त्या झुकलेल्या हातावरून उजवा गेला आणि लुई खाली. बाराव्यात पुन्हा, आणि मग उठला नाही. होम्सच्या जॅबचं वर्णन वर वाचलं, मूठ गेली त्याच रेषेत परत येते, तेव्हा हेच आठवलं. जॅब मारण्याइतकीच तो परत आणण्यात विद्या आहे.

नाझींनी त्याला मिरवलं, पण तो कधी पक्षात गेला नाही, आणि दबाव असूनही आपला ज्यू मॅनेजर जो जेकब्सला सोडलं नाही. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीत एका ज्यू मित्राची दोन मुलं त्यानं बर्लिनमध्ये आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवली. हे स्वतः कधी सांगितलं नाही. त्या मुलांपैकी एकानं १९८९ मध्ये सांगितलं तेव्हा जगाला कळलं.

सुमेधा_के:
ओसरीवरून, फार छान लिहिलंत. पण हा माणूस म्हणून मोठेपणा झाला. चॅम्पियन म्हणून काय?

ओसरीवरून:
लुईला ऐन भरात नॉकआउट करणारा तो एकटाच. दुसऱ्यांदा लुई नॉकआउट झाला तो थेट १९५१ मध्ये, मार्सियानोकडून, निवृत्तीतून परतल्यावर. आणखी काय हवं?

नवा_गडी:
मी नवीन आहे. बस्टर डग्लस चालेल का? टायसनला टोकियोत हरवलं होतं, सट्ट्याचा भाव ४२ ला १ असताना.

तर्कटराव:
या, बसा. पण डग्लस एका रात्रीचा राजा. आई गेल्याला महिनाही झाला नव्हता, त्या अवस्थेत तो लढला आणि त्या रात्रीचा जॅब खरंच कुणापुढेही ठेवण्यासारखा. आठ महिन्यांनी वजन वाढवून आला आणि होलीफिल्डनं तिसऱ्या फेरीत झोपवला. त्यापेक्षा त्याला १९८७ मध्ये हरवणारा टोनी टकर घ्या. आयबीएफचा चॅम्पियन झाला आणि दोन महिन्यांत टायसनसमोर जावं लागलं. एक हात दुखावलेला, तरी बाराही फेऱ्या उभा राहिला. त्याचं नाव तर कुत्र्यालाच काय, मांजरालाही ठेवलेलं ऐकलं नाही.

मुक्काम_एडिसन:
थोडं अवांतर. अली १९८० मध्ये भारतात आला होता आणि दिल्लीत कौर सिंगशी प्रदर्शनी सामना खेळला. तेच कौर सिंग १९८२ च्या आशियाई स्पर्धेत हेवीवेटमध्ये सुवर्ण जिंकले. म्हणजे होम्सच्या आठ महिने आधी अलीसमोर एक भारतीय उभा होता. हे आपल्याकडे कुठे कुणाला सांगितलं जातं?

पंचगंगाकाठ:
कौर सिंगांवर वेगळा धागा काढा. पंजाबी माणूस, सैन्यातला, मी येणार.

डावरा_दत्तू:
पुन्हा होम्सकडे येतो. त्याला कमी लेखण्यात अलीच्या सावलीइतकाच त्याच्या जिभेचाही वाटा आहे, हे कुणी लिहिलं नाही अजून.

४८ सामने, ४८ विजय. एक जिंकला की मार्सियानोच्या ४९ ची बरोबरी. सामना ठरला २१ सप्टेंबर १९८५ ला लिऑनच्या भावाशी, मायकेल स्पिंक्सशी. मार्सियानो शेवटचा लढला त्याला त्याच दिवशी बरोबर तीस वर्षं होत होती, मार्सियानोचं कुटुंबही आलं होतं. होम्स गुणांवर हरला. लाइट हेवीवेटचा विद्यमान चॅम्पियन हेवीवेटचा चॅम्पियन होण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्यानंतर पत्रकारांसमोर होम्स म्हणाला, मार्सियानोला माझी लंगोटसुद्धा उचलता आली नसती. संपलं. सात वर्षांची कमाई एका वाक्यात गेली. पुढच्या वर्षी स्पिंक्सशी परत लढला तेव्हा बहुतेकांच्या मते तोच जिंकला होता, पंचांनी दिलं नाही. पण हळहळायला कुणी उरलंच नव्हतं.

खारे_शेंगदाणे:
लंगोटीच्या बाबतीत मी होम्सच्या बाजूने. दोन महिन्यांनी छत्तीस पूर्ण होणार, आणि समोर पंच असे. माणूस बोलणारच.

तर्कटराव:
१९९१ मध्ये फ्लोरिडात मोटारीच्या टपावरून ट्रेव्हर बर्बिकच्या अंगावर उडी मारणाराही हाच. तोल जाण्याचं वय ठरलेलं नव्हतं.

बरं, दत्तू, तुमच्या बाजूनं एक मुद्दा मीच टाकतो. १९८२ मध्ये गेरी कूनीशी लढला तेव्हा गोरा आव्हानवीर म्हणून कूनीचा इतका गाजावाजा केला की रिंगमध्ये ओळख करून देताना चॅम्पियनचं नाव आधी आणि आव्हानवीराचं नंतर घेतलं. रिवाज उलटा आहे. चॅम्पियन शेवटी. मानधनही दोघांना सारखंच. होम्सनं तेराव्या फेरीत संपवला, पण कमरेखालच्या ठोशांसाठी कूनीचे तीन गुण कापले नसते तर तोवर दोन पंचांच्या कागदावर तोच पुढे असता. हा सामना वाचला की होम्सच्या तोंडात एवढा कडवटपणा कुठून आला ते कळतं.

नवा_गडी:
मी होम्सचा एकही सामना पाहिलेला नाही. कुठला आधी बघू? नॉर्टन का?

डावरा_दत्तू:
नॉर्टनची पंधरावी फेरी. मग १९७९ चा शेव्हर्सचा सामना, सातवी फेरी. शेव्हर्सचा उजवा असा बसतो की होम्स आडवाच होतो. उठतो कसा आणि पुढची तीस-चाळीस सेकंदं पाय कसे वापरतो ते बघा.

सुमेधा_के:
मी म्हणेन उलट्या बाजूनं सुरुवात करा. फेब्रुवारी १९९२, रे मर्सर. होम्स ४२ वर्षांचा, मर्सर ऑलिंपिक सुवर्णविजेता आणि तोवर अजिंक्य. पाय गेलेले होते म्हणून होम्स स्वतःहून कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, मर्सरला बोलावतो आणि तिथून त्याला मारतो. बाराही फेऱ्या. तिन्ही पंचांनी एकमतानं दिला.

नवा_गडी:
मर्सरचा पाहिला. मर्सर पुढे येतो, ठोसा काढतो आणि होम्सचं डोकं चार बोटं बाजूला झालेलं असतं, बस्स. शेजारून बाबा म्हणाले, हा म्हातारा जिंकतोय का? म्हटलं हो. मग ते पण बसले.

आता लिस्टनचा कुठला बघायचा? की त्याचा वेगळा धागा आहे?

तर्कटराव:
नाही. काढा. पण लिस्टन कमी लेखलेला आहे असं पहिल्या ओळीत लिहू नका, मी तिथेही येईन.